सोलापुरात दुसरी वीज कंपनी आली, तर?

यंत्रमागी | रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. काल अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखानदारांच्या गप्पांत पुन्हा लाईट बिलाचा विषय निघाला. एक जण म्हणाला, मुंबईत आहेत तशा दोन कंपन्या उद्या आपल्याकडं येतील, मग बघा युनिटचा दर कसा खाली येतो. दुसरा म्हणाला, खाजगी कंपनी आली की पहिली दोन वर्षं गोड बोलेल आणि नंतर पिळेल. बराच वेळ वाद झाला, पण नक्की काय होईल ते कुणालाच सांगता येईना.

माझा कारखाना लहान आहे. आजोबांनी हातमाग चालवला, वडिलांनी यंत्रमाग घेतले. सूत आणि मजुरी सोडली तर सगळ्यात मोठा खर्च विजेचा. यंत्रमागाला वेगळा दरगट आहे, वर शासनाची सवलत आहे. २०२४ मध्ये २७ अश्वशक्तीच्या आतल्यांना युनिटमागं आणखी १ रुपया आणि त्यापुढं २०१ अश्वशक्तीच्या आतल्यांना ७५ पैसे जाहीर झाले. तरी टॉवेलचा भाव ठरवताना वीज धरली की हात आखडतो.

मी वाचलंय ते असं. २००३ च्या वीज कायद्यानं एकाच भागात एकाहून जास्त वितरण परवाने देता येतात. त्याच कायद्यामुळं ६ जून २००५ ला जुन्या राज्य वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर सूत्रधारी कंपनी. मालक मात्र सरकारच राहिलं, आणि आपल्यासाठी दुकानही एकच राहिलं.

तर माझा प्रश्न साधा आहे. बिल कमी व्हायला नक्की काय लागतं? मालक बदलणं, स्पर्धा येणं, की विजेचे दर ठरवणारा नियामक आयोग कडक असणं? अनुभव असलेल्यांनी लिहा. पक्षांची भांडणं इथं नकोत ही विनंती.

आसरा_चौक | रविवार, सकाळी ९.५८

आधी नळाला रोज पाणी येऊ द्या मालक, मग दोन-दोन वीज कंपन्यांचं बघू 😄

प्राची_द | रविवार, सकाळी १०.०५

@आसरा_चौक, हसण्यावारी नेऊ नका, दोन्हींचा संबंध आहे. टाकळी किंवा उजनीच्या पंपांची वीज थोडा वेळ जरी गेली तरी जलवाहिनी पुन्हा भरायला वेळ लागतो आणि आपल्या पेठेची पाळी एक दिवस पुढं जाते. पाण्याला चार-पाच दिवस थांबणाऱ्या घराला वीज गेल्याचा खरा दणका अंधारात बसत नाही, नळाला बसतो.

जुळेसोलापूरकर | रविवार, सकाळी १०.३१

माझं स्पष्ट मत आहे की स्पर्धा हवीच. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचो ते दिवस आठवा. खाजगी कंपन्या आल्या आणि आज भाजीवालीच्या हातातही फोन आहे. विजेतच असं काय वेगळं आहे? ग्राहक सोडून जाईल ही भीती असल्याशिवाय कुणी नीट काम करत नाही. सरकारी असो नाहीतर खाजगी, एकटा दुकानदार माजतोच.

फीडर_११केव्ही | रविवार, सकाळी ११.२०

मी वीज क्षेत्रातूनच निवृत्त झालो. जुळेसोलापूरकर, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण फोन आणि वीज यांच्यात फरक आहे. मोबाईलला प्रत्येक कंपनीनं आपला टॉवर उभारला की झालं. विजेला उपकेंद्र, ११ केव्हीचा फीडर (उपकेंद्रातून भागाला वीज नेणारी वाहिनी), डीपी, खांब आणि तुमच्या भिंतीपर्यंत तार लागते. ही तार म्हणजे रस्ता समजा. नव्या पेठेत एका रस्त्याशेजारी दुसरा रस्ता काढायला जागा नाही, आणि काढला तरी त्याचा खर्च शेवटी दोन्ही रस्त्यांवरच्या माणसांनाच भरायचा आहे.

सध्याच्या कायद्यात कलम १४ प्रमाणे समांतर, म्हणजे त्याच भागातला दुसरा, परवाना घेणाऱ्यानं स्वतःचं जाळं उभारायचं, अशी अपेक्षा आहे. ८ ऑगस्ट २०२२ ला लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात दुसऱ्याचं जाळं वापरून वीज विकायची मोकळीक होती. ते स्थायी समितीकडं गेलं. म्हणजे खांब एकाचे, बिल दुसऱ्याचं.

मुंबईत हे घडून गेलंय. उपनगरात टाटा आणि रिलायन्स यांचं वर्षानुवर्षं चाललेलं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ मध्ये निकाल लागला की टाटाला किरकोळ ग्राहकांनाही वीज देता येईल. मग २००९ पासून लोक रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घ्यायला लागले. ग्राहकाला पर्याय मिळाला हे खरं. पण आधी गेले ते जास्त वीज वापरणारे. शेवटी २०१२ मध्ये आयोगाला हस्तक्षेप करून, बदल ३०० युनिटांपर्यंतच्या छोट्या ग्राहकांपुरता ठेवावा लागला. स्पर्धा आली तरी कोण कुठले ग्राहक उचलतोय याच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला लागतंच.

जुळेसोलापूरकर | रविवार, सकाळी ११.३४

पण काका, शेवटी मुंबईकराला निवड मिळाली ना? आपल्याला तीसुद्धा नाही.

फीडर_११केव्ही | रविवार, सकाळी ११.४१

मिळाली. ते मी नाकारत नाही. आणि मुंबईत सवलतीच्या विजेवरचे शेतीचे पंप नाहीत, हेही लक्षात ठेवा.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १२.५०

काकांनी शेवटी लिहिलेलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी लेखापरीक्षण करतो, म्हणून पैशाच्या बाजूनं लिहितो.

घरातलं बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर घरगुतीला १६ टक्के वीज शुल्क. यातलं वीज शुल्क थेट शासनाचं, कंपनी कुठलीही असली तरी ते राहणार. वहन आकार तारांचा, तोही राहणार. उरला तो मुख्यतः वीज खरेदीचा खर्च, आणि महावितरणच्या एकूण खर्चात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो. ही वीज पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी बांधलेली असते. नवीन कंपनीवर जुने करार नसतात, म्हणून ती पहिल्या दिवशी स्वस्त दिसू शकते. ग्राहक तिच्याकडं गेले तरी जुन्या करारांचा स्थिर खर्च जात नाही. तो मागं राहिलेल्यांच्या माथी बसतो.

दुसरी गोष्ट क्रॉस सबसिडी. कारखाने, दुकानं, मॉल खर्चापेक्षा जास्त दर भरतात आणि त्यातून शेती आणि गरीब घरांचा दर खाली ठेवला जातो. होटगी रोडवरची मोठी हॉटेलं आणि चिंचोळीतले कारखाने नव्या कंपनीकडं गेले, तर हा भार कोण उचलणार? आजही १ मेगावॅटच्या वरच्या ग्राहकाला मुक्त प्रवेशातून बाहेरची वीज घेता येते, २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. पण जाताना क्रॉस सबसिडी अधिभार भरावा लागतो, तो याच कारणानं.

म्हणून यंत्रमागींना सांगतो, तुमच्यासारख्या सवलतीच्या ग्राहकाला घ्यायला नवी कंपनी दारात उभी राहील असं धरून चालू नका.

माचणूरचा_पाटील | रविवार, दुपारी १.३५

हिशेबनीस साहेब, हिशेब बरोबर असंल, पण शहरातल्यांच्या तोंडी कायम एकच असतं की शेतकऱ्यामुळं तुमचं बिल वाढतं. आमची पण बाजू ऐका.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिल माफ आहे, पैसे शासन भरतं. चांगलंच आहे. पण वीज येती कधी? आठवड्याची पाळी, अर्धे दिवस रात्रीचीच. भीमेच्या काठाला ऊस भिजवायला रात्री दोनला उठून जावं लागतं. साप, इंचू, चिखल, उघडा फ्यूज. जीव गेलेली माणसं गावोगाव आहेत. फुकट वीज म्हणून आम्हाला हिणवू नका. दिवसा आठ तास नीट वीज द्या आणि वाजवी पैसे घ्या, असं म्हणणारे शेतकरी पुष्कळ आहेत.

आणि जी वीज आमच्या नावावर खर्ची पडती ती सगळी आम्ही वापरतो का? मीटर नसलेल्या पंपाचा वापर अंदाजानं धरतात. मग गळती आणि चोरीपण त्याच खात्यावर ढकलता येती.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १.५२

पाटील, शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तुमचा शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे. पुण्याची प्रयास संस्था हा आक्षेप आयोगासमोर वर्षानुवर्षं मांडत आली आहे: शेतीचा वापर फुगवून दाखवला की वितरण गळती कागदावर कमी दिसते. ज्याचा मीटर नाही त्याचा हिशेबही नाही. कंपनी सरकारी असो की खाजगी, इथं उजेड पाडणारा एकच, आयोग.

लाईनमनची_बायको | रविवार, दुपारी २.१०

मी पहिल्यांदाच इथं लिहितेय. सगळे बिलाबद्दल बोलताय, खांबावर चढणाऱ्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आमचे हे लाईनमन आहेत. वळवाचा पाऊस आला की घरातली आम्ही माणसं आधी आभाळाकडं बघतो आणि मग यांच्या फोनकडं. झाड तारांवर पडलं की ताटावरून उठून जायचं. शेजारी मदतीला येणारी पोरं कंत्राटी. तेच काम, तीच जोखीम, पगार निम्म्याच्या आसपास. ४ जानेवारी २०२३ च्या संपात हे उतरले होते. ७२ तासांची हाक होती, उपमुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाल्यावर त्याच दिवशी संप मिटला. लोकांनी शिव्या दिल्या की पगारवाढीसाठी बसलेत. पगारवाढीचा नव्हता तो संप. भांडुप, नवी मुंबई भागात समांतर परवान्यासाठी अदानींच्या कंपनीनं अर्ज केला होता, त्याला विरोध होता.

नवी कंपनी आली तर खांबावर चढणार कोण? कमी पैशातला कंत्राटी मुलगाच. स्वस्त विजेतला स्वस्तपणा तिथून काढू नका, एवढंच.

पूर्वभागी | रविवार, दुपारी २.२६

वहिनी, शंभर टक्के अनुमोदन. मागच्या मे महिन्यात ४३ अंशात आमच्या गल्लीतला डीपी दुरुस्त करणारी पोरं बघितली. आम्ही ताक दिलं, त्यांनी उभ्या उभ्या पिऊन पुन्हा काम धरलं.

भिवंडीवासी | रविवार, दुपारी ३.४०

मूळ सोलापूरचा, पद्मशाली, आता भिवंडीत. आमचंही यंत्रमागांचं गाव, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडं २६ जानेवारी २००७ पासून टोरंट आहे. पण लक्षात घ्या, ही दुसरी परवानाधारक कंपनी नाही, फ्रँचायझी आहे. परवाना महावितरणचा, तारा महावितरणच्या, दर आयोगानं महावितरणसाठी ठरवलेलाच. टोरंट त्यांच्याकडून ठरलेल्या दरानं वीज घेते, गावात वाटते आणि वसूल करते. गळती कमी केली की फायदा तिचा. देशातलं हे असलं पहिलं मोठं काम.

फरक पडला का? पडला. आधी आकडे टाकून चालणारे माग होते, मीटर होते पण फिरत नव्हते. त्या लोकांना त्रास झाला, मोर्चे निघाले. जो नियमित भरत होता त्याला वीज जास्त तास मिळायला लागली. डीपी जळाले तर लवकर बदलतात. पण दर कमी झाला का? नाही. दर तोच आहे, कारण तो ठरवायचा अधिकारच फ्रँचायझीला नाही. बिल कमी होईल या आशेनं कुणी फ्रँचायझी मागत असेल तर त्यानं मागू नये. वसुली आणि दुरुस्ती सुधारावी म्हणून मागत असेल तर विचार करायला हरकत नाही.

मिटमिटा | रविवार, सायंकाळी ४.१५

भिवंडीचं एकट्याचं उदाहरण देऊन चालणार नाही. आमच्या औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) २०११ मध्ये जीटीएल आली, २०१४ मध्ये करार संपवला. जळगावला त्याच वर्षी क्रॉम्प्टन आली, २०१५ मध्ये गेली. नागपूरला २०११ ला स्पॅन्को, मग एसएनडीएल, आणि २०१९ मध्ये ते शहर परत महावितरणकडं. चार शहरांत एक टिकलं. मग मुंब्रा-कळवा आणि मालेगाव २०२० पासून नव्यानं दिलेत. जिथं करार मोडतात तिथं मधल्या काळात गुंतवणूक कुणीच करत नाही, आणि ग्राहक दोन कार्यालयांत फिरत बसतो.

दिल्लीरिटर्न | रविवार, सायंकाळी ५.०२

दिल्लीत बरीच वर्षं नोकरी केली, म्हणून तिथलं लिहितो. जुलै २००२ मध्ये वितरणाचं खाजगीकरण झालं. शहराचे तीन भाग केले, दोन बीएसईएसकडं आणि एक टाटाकडं, प्रत्येकात दिल्ली सरकारचा ४९ टक्के वाटा. सुरुवातीला निम्म्याहून जास्त वीज गळत होती, आता गळती १० टक्क्यांच्या खाली आहे. हे मोठं काम आहे, नाकारता येणार नाही. उन्हाळ्यात इन्व्हर्टरशिवाय न झोपणारी माणसं मी स्वतः बघितली होती, तीच पुढं इन्व्हर्टर विकायला लागली.

पण दुसरी बाजू. आयोगानं अनेक वर्षं दर वाढवू दिले नाहीत. कंपन्यांचा खर्च मान्य करायचा, पण वसुली पुढं ढकलायची. ती मागं राहिलेली रक्कम, तिला नियामक मत्ता म्हणतात, व्याजासकट हजारो कोटींवर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की ही रक्कम ठराविक मुदतीत निकाली काढा. म्हणजे आज कमी वाटलेलं बिल उद्याच्या ग्राहकाच्या नावावर लिहिलेलं होतं. आयोग सरकारच्या मर्जीनं चालायला लागला की असं होतं, मग कंपनी टाटाची असो की कुणाची.

ओडिशाचंही बघा. १९९९ मध्ये वितरण खाजगी केलं, त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं. अमेरिकेची एईएस कंपनी २००१ मध्ये सोडून गेली. बाकीचे तीन परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. आता चारही भाग टाटाकडं आहेत.

आसरा_चौक | रविवार, सायंकाळी ५.२०

माझा एक भाबडा प्रश्न. होटगीजवळ एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आपल्या दारात आहे. पाणी आपल्या उजनीचं, राख आपल्या शेतावर, मग वीज आपल्याला स्वस्त का नाही?

फीडर_११केव्ही | रविवार, सायंकाळी ६.०५

भाबडा नाही, फार चांगला प्रश्न आहे.

६६० मेगावॅटचे दोन संच, पहिला २०१७ ला व्यापारी तत्त्वावर सुरू झाला, दुसरा २०१९ ला. केंद्राचा प्रकल्प, त्यामुळं वीज केंद्राच्या वाटपाप्रमाणं वेगवेगळ्या राज्यांना जाते. वीज तयार झाली की ती ग्रिडमध्ये मिसळते, होटगीची वीज होटगीलाच असा प्रकार नसतो. आणि या ग्रिडमध्ये सोलापूरचं नाव मोठं आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीनं दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं. त्या दिवसापासून देशात एकच ग्रिड आहे. सोलापूरकरांनी याचा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं, पण पाठ्यपुस्तकात कुणी सांगत नाही.

आता दर. हे केंद्र कोळशाच्या खाणींपासून लांब आहे. रेल्वेनं कोळसा आणायचा खर्च इंधनात जातो. वीज घेताना ज्याचा इंधनखर्च कमी त्याला आधी चालवतात, यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात. महाग असलेला संच मागं पडतो. पण चालवला नाही तरी त्याचा स्थिर आकार करारानुसार द्यावा लागतो.

जुन्या लोकांना एन्रॉन आठवेल. दाभोळचा करार १९९३ चा, पहिला टप्पा ७४० मेगावॅट, १९९९ ला सुरू, २००१ मध्ये बंद. मंडळानं वापरो न वापरो, पैसे द्यायचे होते, तेही डॉलरशी बांधलेले. माधव गोडबोले समितीनं २००१ मध्ये त्या करारावर कडक ताशेरे ओढले. गंमत बघा, एन्रॉन खाजगी होती, मंडळ सरकारी होतं, आणि स्पर्धात्मक निविदा नव्हतीच. करार कुणी, कसा आणि कुणाच्या नजरेखाली केला, इथं गोची झाली.

बार्शीकर_ठाण्यात | रविवार, सायंकाळी ६.४०

एक तिसरा मार्ग कुणी काढलाच नाही. सहकार! आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. सहवीज निर्मिती कारखान्यांत होतेच. एखादी वीज वितरण सहकारी संस्था का नको?

हिशेबनीस | रविवार, सायंकाळी ७.१०

झालीय आधी. नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. श्रीरामपूर-राहुरी-राहता भागात चार दशकं वीज वाटली, मालक सभासद शेतकरीच. पण वसुली झाली नाही, महावितरणची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली, ३१ जानेवारी २०११ ला परवाना संपला आणि महावितरणनं भाग ताब्यात घेतला. सभासद मालक झाला की बिल मागायला कुणी जात नाही.

तरी मला सहकाराबद्दल आशा आहे, पण निर्मितीत. गावाशेजारी सौर प्रकल्प, शेतीचा फीडर त्या विजेवर, शेतकऱ्याची जमीन भाड्यानं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तेच चाललंय. पाटलांना दिवसा वीज मिळायचा हाच खरा रस्ता दिसतो.

माचणूरचा_पाटील | रविवार, सायंकाळी ७.१८

आमच्या शेजारच्या गावात फीडर सौरवर गेलाय. तिथली पोरं आता सकाळी मोटर चालू करतात आणि रात्री झोपतात. एवढं एक झालं तरी पुष्कळ.

प्राची_द | रविवार, रात्री ८.०५

माझी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिथं घरटी ग्राहकालासुद्धा कंपनी निवडता येते, १९९८-९९ पासून. १९९० मध्ये सरकारी वीज क्षेत्र फोडून विकलं. तारा वेगळ्या कंपन्यांकडं, विक्री वेगळ्यांकडं. तारांवर नियामक ऑफजेमचं नियंत्रण, विक्रीत स्पर्धा. कित्येक वर्षं ताई आनंदात होती, दरवर्षी कंपनी बदलायची.

मग २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले आणि एका हिवाळ्यात पंचवीसहून जास्त विक्रेत्या कंपन्या बुडाल्या. स्वस्तात वीज विकायची, पण पुढची खरेदी पक्की करायची नाही, असा त्यांचा धंदा होता. तिचीही कंपनी बुडाली. वीज मात्र एक मिनिट गेली नाही, कारण नियामकानं सगळे ग्राहक दुसऱ्या कंपनीला सोपवले. पण त्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात विभागून आला. स्पर्धेच्या देशातही शेवटी दर-मर्यादा नियामकालाच घालावी लागली, २०१९ पासून आहे ती.

@जुळेसोलापूरकर, स्पर्धा नको असं मी म्हणत नाही. पण ज्याची कंपनी बुडेल त्याचं काय, हे आधी लिहून घ्यायला हवं.

जुळेसोलापूरकर | रविवार, रात्री ८.३०

ठीक, पण सगळे मिळून सांगताय काय? आहे ते उत्तम आहे? मीटर रीडिंग न घेता सरासरी बिल, तक्रार केली की या टेबलावरून त्या टेबलावर, हे कुणी भोगलेलं नाही का? स्पर्धा नसेल तर या माणसानं जायचं कुठं?

सदर_बझार | रविवार, रात्री ८.५५

मी भोगलंय, दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असताना. बंद घराचं अव्वाच्या सव्वा बिल आलं. कार्यालयात खेटे घालून उपयोग झाला नाही. मग एका वकील मित्रानं सांगितलं म्हणून ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडं साध्या कागदावर अर्ज दिला. वकील लागला नाही. सुनावणीला स्वतः बोललो, मीटर तपासणीचा अहवाल मागवला गेला, बिल दुरुस्त झालं. मंचानं ऐकलं नसतं तर वर विद्युत लोकपाल आहे, मुंबईत आणि नागपुरात. सोलापूर मंडल बारामती परिमंडलात येतं, तर आपला मंच तिकडचा. वीज किती वेळात पुन्हा सुरू करायची, नवी जोडणी किती दिवसांत द्यायची, याच्या मुदती आयोगाच्या कृती मानकांत लिहिलेल्या आहेत, आणि मुदत चुकली तर भरपाई आहे. लोक मागतच नाहीत.

पूर्वभागी | रविवार, रात्री ९.०२

विडी घरकुलात हे कुणाला माहीत असणार भाऊ. बाया दिवसभर विड्या वळत्यात, बारामतीला कशा जातील? इथं शिबिर घ्या, अर्ज भरून द्या. मी जागा बघतो, मंदिराचा हॉल मिळंल.

सदर_बझार | रविवार, रात्री ९.१५

नक्की. अर्जाचा नमुना मराठीत करून देतो. तेलुगूत कुणी समजावून सांगणारं असेल तर बरं.

यंत्रमागी | रविवार, रात्री १०.२०

तेलुगूचं माझ्याकडं लागलं. आमच्या घरात तीच बोलतो.

दिवसभर सगळं वाचलं. मूळ प्रश्नाकडं येतो. @फीडर_११केव्ही काका, समजा सोलापुरात समांतर परवान्याचा अर्ज आलाच, तर तो कुठल्या हद्दीचा असेल? सगळा जिल्हा, की फक्त शहर?

फीडर_११केव्ही | रविवार, रात्री १०.४८

या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न हा. २००५ च्या केंद्रीय नियमांत किमान क्षेत्र नगरपालिका, महापालिका किंवा महसुली जिल्हा असं होतं. २०२२ मध्ये ते बदललं: महापालिका, किंवा लगतचे तीन महसुली जिल्हे, किंवा सरकार ठरवील ते लहान क्षेत्र. आता तुम्हीच सांगा, कंपनी काय निवडेल? महापालिका हद्दीत अक्कलकोट रोडची एमआयडीसी, बाजारपेठ, दवाखाने, होटगी रोड. हद्दीबाहेर चिंचोळी, आणि मग मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याचे पंप. शहर एकीकडं काढलं की पाटलांच्या पंपाचा खर्च उचलणारे ग्राहक त्या जमाखर्चातून गेले.

हिशेबनीस | रविवार, रात्री ११.०५

आणि तेव्हा कलम ६५ ची कसोटी लागेल. शासनाला कुणालाही सवलत द्यायची असेल तर त्याचे पैसे कंपनीला आगाऊ द्यायचे, असं कायदा सांगतो. यंत्रमागाची सवलत असो की पंपाची. ते वेळेवर आले नाहीत तर आयोगानं ठरवलेला पूर्ण दर लागू होतो. सरकारी कंपनी थकबाकी अंगावर घेते, कर्ज काढते, चालवून घेते. खाजगी कंपनी तशी थांबणार नाही.

यंत्रमागी | सोमवार, सकाळी ७.३०

मग माझं मत झालं. दुसरी कंपनी यावी की नाही यावर मी आज भांडणार नाही. आली तर संघटनेमार्फत आयोगाकडं तीन गोष्टी लिहून मागायच्या. हद्द शहरापुरती नको, चिंचोळी आणि ग्रामीण भाग धरून हवी. यंत्रमागाची सवलत नव्या परवान्यालाही लागू, आणि तिचे पैसे शासनानं आगाऊ भरायचे. आणि कंपनी बुडाली किंवा निघून गेली तर ग्राहक कुणाकडं जाईल, हे परवान्यातच लिहायचं. वहिनींचा कंत्राटी कामगारांचा मुद्दाही चौथा म्हणून घालतो.

दुसरी कंपनी येवो न येवो, महावितरणच्या दरप्रस्तावावर आपल्याला हरकत घेता येते. २०२५ मध्ये २८ मार्चला दर आदेश आला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, जूनमध्ये पुनर्विलोकनाचा आदेश आला. इतकं सगळं होईपर्यंत आपल्यापैकी किती जणांनी एक ओळ तरी लिहून पाठवली? सुनावणी पुण्याला असली की आपण कारखाना सोडून जात नाही. पुढच्या वेळी सोलापुरातच एक सुनावणी ठेवा, अशी मागणी आत्तापासून करू. यंत्रमागी, शेतकरी, घरगुती ग्राहक, तिघांनी एकत्र सही करायची.

माचणूरचा_पाटील | सोमवार, सकाळी ७.५२

सहीला मी येतो. पंचवीस-तीस गावांच्या सह्या आणतो, फक्त त्या कागदात दिवसा वीज हे सगळ्यात वर लिहा.

जुळेसोलापूरकर | सोमवार, सकाळी ८.१०

स्पर्धेच्या बाजूनं माझं मत कायम आहे, पण या कागदावर सही माझीही. बैठक कधी आणि कुठं?

पूर्वभागी | सोमवार, सकाळी ८.१४

रविवारी सकाळी दहा, मंदिराचा हॉल. येताना सगळ्यांनी मागच्या वर्षाची लाईट बिलं आणा, सदर_बझार भाऊ अर्जाचे नमुने आणतील.